शंभर हंडे

कर्जतला पुण्याकडे जाणारी गाडी थांबते. वडेवाले डब्यांत शिरतात, कुणी बाटली भरायला उतरतं, आणि तेवढ्यात गाडीच्या शेपटाकडून एक दणका येतो. नवख्याच्या हातातला चहा सांडतो. आम्ही रेल्वे क्वार्टर्समधली पोरं त्या दणक्याची वाट बघत असायचो, कारण पुष्कळदा तो आमच्या अण्णांचा असायचा. बँकर लागला. आता गाडी भोर घाट चढणार.

अण्णा, म्हणजे माझे वडील, बँकरचे ड्रायव्हर होते. घाटात एकट्या पुढच्या इंजिनाच्यानं गाडी निघत नाही, म्हणून कर्जतला मागून दोन-तीन इंजिनं लावतात. पुढचं ओढतं, मागची ढकलतात. लोणावळ्याला बँकर सुटतात आणि गाडी त्यांना तिथंच ठेवून पुण्याकडे निघून जाते. अण्णांची जवळजवळ सगळी नोकरी या 28 किलोमीटरांत गेली. कर्जत, पळसदरी, ठाकूरवाडी, मंकी हिल, खंडाळा, लोणावळा, आणि परत खाली. आपल्याला मागून कुणी ढकलतंय हे डब्यातल्या कित्येकांच्या गावीही नसायचं. अण्णांना त्याचं कधी वाईट वाटलं नाही. ते म्हणायचे, "पुढच्याला रस्ता दिसतो, मागच्याला वजन कळतं."

पुढे मी भौतिकशास्त्र शिकले आणि तीस वर्षं पुण्यात कॉलेजात शिकवलं. पण ऊर्जा म्हणजे काय ते मला घाटानं शिकवलं. सपाटीवर गाडीनं एकदा वेग घेतला की ती आपसूक धावतेय असं वाटतं, खर्च दिसत नाही. घाटात तो लपवता येत नाही. कर्जत ते लोणावळा हा चढ साधारण 550 मीटरचा. एक टन वजन तेवढं वर न्यायचं तर दीड युनिट ऊर्जा लागते. इंजिन जुनं असो की नवं, कोळशावरचं असो की विजेवरचं, त्याहून कमीत हे काम कुणालाच जमणार नाही. वरचा जो काही खर्च होतो तो आपल्या यंत्रांच्या गळतीचा.

या घाटात रूळ टाकायला 1856 साली सुरुवात झाली आणि 1863 मध्ये गाडी वर पोचली. चढ इतका खडा, की काही ठिकाणी 37 फूट पुढे गेलं की एक फूट वर. खंडाळ्याजवळ तर वळायलाच जागा नव्हती. गाडी एका टोकाला नेऊन थांबवायची आणि तिथून उलट्या दिशेनं पुढचा चढ चढायचा. ऐन कामाच्या दिवसांत 40 हजारांवर मजूर या डोंगराला भिडलेले होते. त्यांतले हजारो पटकीनं, तापानं, सुरुंगाच्या दगडांनी गेले. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल भारतात येऊन काही आठवड्यांतच वारला आणि त्याचा ठेका त्याची बायको ॲलिस हिनं तडीला नेला. तिचं नाव निदान कागदावर राहिलं. डोंगरातच राहिलेल्या माणसांची नावं कुठं लिहिलेली नाहीत. जुन्या रस्त्यावरच्या शिंगरोबाच्या देवळापुढे अजून ट्रकवाले वेग कमी करतात, नाणं टाकतात. इंग्रजांना घाटाची वाट दाखवणारा हा धनगर, आणि वाट सापडल्यावर त्यालाच गोळी घातली असं सांगतात. गोष्ट खरी की रचलेली ते मला महत्त्वाचं वाटत नाही. या रस्त्याची किंमत कुणीतरी जिवानं मोजली आहे, एवढं लोकांनी तिच्यात जपून ठेवलंय.

आजोबा रेल्वेत खलाशी म्हणून लागले ते घाटातल्या कोळशाच्या शेवटच्या दिवसांत. वाफेचं इंजिन म्हणजे भुकेचा राक्षस. शंभर किलो कोळसा खाईल आणि त्यातल्या जेमतेम सात-आठ किलोंचं काम करील, बाकीचा धूर आणि वाफ. बोगद्यात तो धूर कोंडला की फायरमन तोंडावर ओलं फडकं धरायचे. 1929 मध्ये कल्याणपासून पुण्यापर्यंत विजेच्या तारा आल्या. 1930च्या 1 जूनला त्या तारांखालून डेक्कन क्वीन धावली. घाटातला धूर गेला. तेव्हा लोकांना केवढा आनंद झाला असेल हे आजोबांच्या तोंडून ऐकलंय. क्वार्टर्सच्या दोरीवर वाळणारी धोतरं पहिल्यांदा पांढरी राहिली, असं ते सांगायचे.

धूर गेला म्हणजे घाटातून गेला. त्या विजेसाठी रेल्वेनं कल्याणच्या अलीकडे ठाकुर्लीला स्वतःचं वीजघर बांधलं होतं, ते कोळशावर चाले. धुराचा फक्त पत्ता बदलला. आणि मुंबईकडे येणारी दुसरी वीज होती पाण्याची. ती कुठून येत होती, ते आमच्या घरात आजीला ठाऊक होतं.

आजीचं माहेर पाण्यात होतं.

मुळशी पेट्यातलं गाव. मुळा-निळेच्या खोऱ्यातला आंबेमोहोर भात, घरामागं फणस, आणि एवढं सगळं एका धरणाखाली. सह्याद्रीच्या माथ्यावर पडणारा पाऊस पूर्वेला वाहून जातो, तो अडवायचा, पश्चिमेला वळवायचा आणि पाचशेएक मीटर खाली कोकणात पाडायचा. पडणाऱ्या पाण्यानं जनित्रं फिरवायची आणि वीज मुंबईला. खोपोलीचं वीजघर 1915चं, भिवपुरीचं 1922चं, मुळशीच्या पाण्यावरचं भिऱ्याचं 1927चं. मुंबईच्या गिरण्या त्यावर चालणार होत्या, रेल्वे चालणार होती. 1921च्या रामनवमीला मावळे धरणाच्या कामावर जाऊन बसले. 'जान किंवा जमीन' म्हणाले. पांडुरंग महादेव बापटांना सेनापती ही पदवी मिळाली ती याच लढ्यात, आणि शेवटी कामावरच्या मजुरांची गाडी अडवली म्हणून त्यांना सात वर्षांची सजाही याच लढ्यात. लढा तीन वर्षं चालला आणि हरला. पन्नासच्या आसपास गावं गेली. आजी तेव्हा सहा-सात वर्षांची होती. तिला एवढंच आठवायचं, की देवळातला देव पाटीत घालून वर आणला आणि तिच्या आईनं चुलीची तीन धोंडं पदरात बांधून घेतली.

हीच मुलगी पुढे विजेच्या गाडीवर काम करणाऱ्या खलाशाच्या घरात नांदायला आली. तिनं कधी त्याबद्दल तक्रार केली नाही. घरात पहिला दिवा लागला तेव्हा तिनं त्याला हात जोडले होते, असं अण्णा सांगतात. कुणासाठी जोडले ते मात्र तिनं सांगितलं नाही.

1987 साली मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते. सुटीत घरी आले होते आणि नव्या ज्ञानाचा उत्साह अंगात मावत नव्हता. ओट्यावर बसून मी आजीला समजावत होते, की पाणी खाली पडतं म्हणून गाडी वर चढते. पाणी जेवढ्या उंचीवरून कोकणात पडतं, जवळजवळ तेवढीच उंची गाडी घाटात चढते. हा तराजूच आहे. एका पारड्यातून पाणी खाली, दुसऱ्यातून माणूस वर. आजी धान्य निवडत होती. ती म्हणाली, "मंग येका मान्साला किती पानी गं?"

मी कागद घेतला. डबे चाळीसेक टनांचे, चार इंजिनं शंभराहून जास्त टनांची, आत तेराशे माणसं. ठोकळ हिशोबानं एका माणसामागे जवळजवळ एक टन वजन चढतं. त्याला गळतीसकट पावणेदोनेक युनिटं. पाचशे मीटरवरून पडलेलं एक टन पाणी सव्वा युनिटाच्या आसपास वीज देतं. म्हणजे चौदाशे-पंधराशे लिटर.

"हंडे सांग," आजी म्हणाली.

पंधरा लिटरचा हंडा धरला. शंभर हंडे.

आजीनं सुपावरचा हात थांबवला. आयुष्यभर तिनं विहिरीवरून आणि नंतर नळकोंडाळ्यावरून डोक्यावर पाणी आणलं होतं. शंभर हंडे म्हणजे तिचे दहा-बारा दिवस. एका माणसाला, एकदा, घाट चढवायला. तारेत ठाकुर्लीचा कोळसाही आहे, कोराडीची आणि भुसावळचीही वीज आहे, तारेत आल्यावर पाणी कुठलं आणि कोळसा कुठला ते वेगळं करता येत नाही, असलं काहीतरी मी बोलत राहिले. ती ऐकत नव्हती. थोड्या वेळानं म्हणाली, "मंग कामाशिवाय जाऊ नै मान्सानं."

2004 साली मी गाडी घेतली. द्रुतगती मार्ग पुरता खुला होऊन दोन वर्षं झाली होती. साडेचौऱ्याण्णव किलोमीटरांचा काँक्रीटचा गुळगुळीत रस्ता, मधे सिग्नल नाही, म्हैस नाही. अण्णा-आईचं वय झालं होतं, मी दर शनिवारी कर्जतला जात होते, आणि सव्वापाचच्या गाडीसाठी चार वाजता घर सोडण्यापेक्षा चावी फिरवणं सोपं होतं. मी ती सोय मनापासून उपभोगली हे सांगायला हवं. आईला रात्री दवाखान्यात न्यावं लागलं, त्या दिवशी गाडी नसती तर काय झालं असतं हा विचार मला आजही करवत नाही.

पण परतीच्या वाटेवर, रविवारी संध्याकाळी, खंडाळ्याच्या चढावर गाड्या तुंबायच्या. इंजिन चालू, गाडी उभी. काच खाली केली की जळक्या क्लचचा आणि ब्रेकच्या अस्तराचा वास. बाजूच्या गाड्यांत बघावं तर बहुतेकींत एक किंवा दोन माणसं. माझ्याही गाडीत मी एकटीच. एकदा आडोशीच्या बोगद्याजवळ दरड आली होती आणि आम्ही तीन तास अडकलो होतो. डोंगराला आता लोखंडी जाळी नेसवली आहे. त्या तीन तासांत मी टोलच्या पावतीच्या पाठीवर आजीचा हिशोब पुन्हा मांडला.

गाडी अकराशे किलोची, मी पासष्टची. शंभर भाग वजन चढतंय, त्यातले साडेपाच भाग मी आणि बाकीचा पत्रा, काच, रबर. उंचीचं काम पावणेदोन युनिटांचं. पेट्रोलचं इंजिन चार भाग जाळतं तेव्हा एक भाग चाकाला देतं, म्हणजे सात युनिटांची उष्णता. पाऊण लिटरहून थोडं जास्त पेट्रोल, नुसतं वर चढायला, आणि त्यातून हवेत पावणेदोन किलो कार्बन डायऑक्साइड. रेल्वेच्या विजेचा कोळसा धरला, आणि तो धरायलाच हवा कारण आजही देशातली सत्तर टक्क्यांच्या आसपास वीज कोळशाची आहे, तर रेल्वेतला माझा वाटा पाच युनिटांच्या आत बसत होता. रेल्वे जिंकली, पण मला वाटलं होतं तेवढ्या फरकानं नाही.

मग मी कारमध्ये चार माणसं बसवून पाहिली. माणशी दोन युनिटं. घाटापुरती भरलेली कार रेल्वेला हरवत होती. रेल्वेवाल्याच्या मुलीला हे फार लागलं. मी दोनदा पडताळलं, उत्तर तेच.

अण्णांना फोन केला. ते हसले नाहीत, विचारात पडले. मग म्हणाले, "घाट ही रेल्वेची सगळ्यात वाईट जागा आहे. तिथं आम्हाला चारशे-पाचशे टन नुसती इंजिनंच चढवायला लागतात. तू घाटाचंच धरतेस, पण पुणं-मुंबई 192 किलोमीटर आहे. बाकीच्यात बघ." आणि ते खरंच आहे. लोखंडी चाक लोखंडी रुळावर फिरतं तेव्हा ते जागच्या जागी दबत नाही, रबरी टायर प्रत्येक फेऱ्याला दबतो आणि उठतो. रुळावरची ओढ रस्त्यावरच्या ओढीच्या पाचव्या-दहाव्या हिश्शाची. शिवाय सोळा डबे एकामागे एक जातात तेव्हा वारा पहिल्यानंच फोडलेला असतो. प्रत्येक कारनं मात्र आपापला वारा फोडायचा. तळेगाव ते शिवाजीनगर, कर्जत ते कल्याण, या सगळ्या सपाटीवर रेल्वे घाटात गेलेलं सगळं वसूल करते. कल्याणच्या पुढे लोकल भेटते, आणि दाराला लोंबकळणारी माणसं धरली तर तिच्याइतकं कमी लोखंड कुणीच वाहून नेत नाही. ही गोष्ट मी कौतुकानं सांगत नाही. चौरस मीटरमध्ये चौदा-सोळा माणसं उभी करून वाचवलेली ऊर्जा ही त्यांच्या बरगड्यांतून काढलेली आहे.

मग राहिली एसटी. ती मी शेवटी, राहिलंच म्हणून, मांडली. लाल गाडी दहाएक टनांची, 44 माणसं. माणशी पावणेतीनशे-तीनशे किलो. डिझेलचं इंजिन पेट्रोलपेक्षा शहाणं. नुसता चढ माणशी पाव लिटरच्या निम्म्या डिझेलमध्ये. भरलेल्या कारहून कमी, रेल्वेहून कमी. भोर घाटातली सगळ्यात काटकसरी स्वारी निघाली खिडक्या खडखडणारी, पायरीवर चिखल असणारी एसटी, जिला आम्ही सगळे गाडी घेतल्याबरोबर विसरलो. 1948च्या 1 जूनला पुण्याहून नगरला पहिली एसटी गेली तेव्हा हा हिशोब कुणाच्या मनातही नसेल. गावोगावच्या माणसाला जाता यावं एवढाच हेतू होता. तेवढा हेतू पुरला. 2023 पासून पुणे-मुंबई रस्त्यावर ई-शिवनेरीही धावते, विजेवरची. तिच्याबद्दल मला आशा आहे, कारण ती भरून जाते. विजेच्या कारबद्दल तेवढी वाटत नाही. धूर जाईल, इंजिनाची गळती जाईल, पण बॅटरीमुळे ती आधीच्या कारहून जड, आणि आत माणूस पुन्हा एकटाच. पारड्यात पत्राच जास्त.

ऊर्जेचा विचार करताना आपण इंधनाबद्दल बोलतो. पेट्रोल वाईट, वीज चांगली. मला वाटतं आधी वजनाबद्दल बोलायला हवं. मी एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाताना माझ्याबरोबर किती ओझं कुणाच्या तरी जिवावर नेते? इंधन कुठलंही असलं तरी ते कुठून तरी येतं. पाण्याची वीज स्वच्छ म्हणतात, आणि माझ्या आजीची चूल त्या स्वच्छ पाण्याखाली आहे. आता द्रुतगती मार्गावरचा घाटाचा तुकडा टाळायला डोंगरातून मिसिंग लिंकचे नवे बोगदे काढले आहेत. सहा किलोमीटर वाचतील, अपघात कमी होतील, ते व्हायलाच हवेत. पण द्रुतगती मार्ग आला तेव्हाही कोंडी संपणार होती. रस्ता रुंद झाला की माझ्यासारख्या माणसाला चावी फिरवणं आणखी सोपं होतं. मी तेच केलं होतं. दुसरीकडे घाटात रेल्वेच्या तीन लाइनी आहेत तेवढ्याच आहेत, आणि सव्वापाचच्या गाडीत उभं राहायला जागा नसते. माणसं कारमध्ये हौसेनं बसतात हे अर्धं खरं. उरलेलं अर्धं हे की त्यांना डब्यात जागा नाही.

मी कार विकलेली नाही. आई आता नाही, अण्णा माझ्याकडे पुण्याला असतात, कधी रात्रीबेरात्री लागते. पण एकटी असले की मी तिच्यात बसत नाही. आजीचे शंभर हंडे मोजायची सवय लागली आहे, आणि ती मला ओझं वाटत नाही.

गेल्या श्रावणात अण्णांना कर्जत बघायचं होतं. वय ऐंशीच्या पुढे, गुडघे थकलेले, तरी कारनं नको म्हणाले. लोणावळ्याहून गाडी सुटली. पाऊस असा की दरी दिसत नव्हती, नुसता पांढरा धूर, आणि मधूनच एखादा धबधबा डब्याच्या काचेवर. मंकी हिलला गाडी थांबली. उतरणाऱ्या गाडीला इथं थांबून ब्रेक धरतात हे दाखवावं लागतं. नाही थांबली तर सांधा तिला बाजूच्या चढत्या रुळावर पाठवतो, म्हणजे डोंगरच तिला अडवतो. अण्णा हे नातीला सांगत होते, तिनं कानातले इअरफोन काढून ऐकलं.

गाडी पुन्हा हलली. पुढून एक बारीक, चढत जाणारा आवाज यायला लागला. अण्णांनी हात वर करून आम्हाला गप्प केलं.

"ऐक. आता इंजिन ओढत नाही. मोटरी उलट्या कामाला लागल्या. वीज करतायत, आणि तारेत परत देतायत." त्यांच्या इंजिनांत उतारावरची सगळी ताकद उष्णता होऊन हवेत जायची. छपरावरून गरम वाऱ्याचे लोट निघायचे. "आम्ही उभा जन्म घाट तापवला," ते म्हणाले.

"परत दिलेली वीज जाते कुठं?" नातीनं विचारलं.

त्यांनी उत्तर दिलं नाही. बोगदा आला, गेला, आणि ठाकूरवाडीच्या अलीकडे शेजारच्या रुळावरून एक मालगाडी वर येताना दिसली. इतकी सावकाश, की वाघिणींवरचे आकडे वाचता येत होते. अण्णा खिडकीला नाक लावून बसले. वाघिणी संपल्या आणि मागे बँकर आले, एकाला एक लागून, पावसात न्हालेले, अख्खा डबा थरथरेल एवढ्या जोरानं घुमत. अण्णांनी काचेला पंजा लावला.

बँकरच्या खिडकीतून कुणी हात केला का, ते मला पाण्यातून दिसलं नाही. अण्णा म्हणाले, केला.